चार बोटं फिका पट्टा

अण्णा,

आज सकाळी मी अक्काच्या स्वेटरची अख्खी पाठ उसवली. काखेपासून खालच्या पट्टीपर्यंत, अठरा दिवसांचं काम, अर्ध्या तासात. सून समोर डाळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "मामा, स्वल्प तरी विचार करायचा. अक्कांनी ऐंशी ओलांडली, त्यांना रंगातला एवढा फरक कुठं दिसणार? आणि वरून शाल येणारच." मी म्हणालो, "मला दिसतो." आणि धागा ओढत राहिलो. तुम्हाला माहीत आहे, मी कुणाला उलटून बोलणारा माणूस नाही. गॅसचं बटण बंद आहे की नाही हे चारदा बघणारा, बस चुकेल म्हणून तासभर आधी स्टॉपवर जाऊन उभा राहणारा माणूस आहे. पण आज मी थांबलो नाही, आणि थांबलो नाही हे तुम्हाला कळावं असं वाटलं, म्हणून कागद घेतला आहे. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. शाळेत सगळं कन्नड होतं. मराठी अक्षरं मी तुमच्या रंगाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहीत शिकलो. आजही मोठा 'ळ' काढताना मला डाळिंबीचा डबा आठवतो.

मी विणतो हे ऐकून तुम्ही हसाल. तुमच्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, शिकवलं. बसडेपोच्या स्टोअरमधून मी रिटायर झालो आणि घरात दिवसभर खोल्यांमधून फिरायला लागलो, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "ह्या सुया धरा. हातात टाके असले की माणूस उठत नाही." खरंच उठत नाही. ती गेल्यावरही सुया राहिल्या. इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून आणलेल्या मशीनच्या लोकरीचे मफलर, टोप्या, नातवंडांचे मोजे, असं करत हात बसला. रंग निवडायची वेळ आली की मात्र मी दुकानदारालाच सांगायचो, तुम्हीच द्या काहीतरी. मला डोळा नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात, आणि रंगाच्या बाबतीत तुमच्या शब्दाच्या वर पेटेच्या बाजारात कुणा रंगाऱ्याचा शब्द नव्हता.

मग दिवाळीनंतर अक्का आजारी पडली. आनेकलला धाकट्या मुलाकडे असते ती. दवाखान्यातून आली तेव्हापासून तिला सारखी थंडी वाजते, उन्हात बसवलं तरी वाजते. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "अरे, जगाला टोप्या घालतोस, बहिणीला एक स्वेटर नाही होय?" मी विचारलं, कुठला रंग? तिनं गादीखालून एक चिंधी काढली. तिच्या लग्नातल्या डाळिंबी साडीची. साडी विरली तेव्हा तिनं तिची दुलई शिवून घेतली होती, दुलई विरली तेव्हा एवढा तुकडा कापून ठेवला होता. आणि कापला होता नेमका तिथून, अण्णा, जिथं तो पट्टा होता. अर्धा तुकडा गडद, अर्धा फिका. अक्का म्हणाली, "निऱ्यांत लपवून लपवून आयुष्यभर नेसले. लपवता लपवता हा पट्टाच मला आवडायला लागला बघ. आता ह्यातला कुठला रंग घ्यायचा, तूच ठरव. पण मशीनचा नको. हातानं रंगवलेला पाहिजे, अण्णांसारखा." मी हो म्हणालो, आणि परतीच्या बसमध्ये चिंधी मुठीत धरून बसलो.

हातानं लोकर रंगवणारं आता कोण असणार? सुनेनं मोबाइलवर शोधून काढलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत एक मुलगी, पुण्याची, कंपनीत काम करते आणि शनिवार-रविवार घरात लोकर रंगवते. आम्ही गेलो. तुमच्या तांब्याच्या कढया आणि लाकडांची चूल डोळ्यांसमोर ठेवून मी गेलो होतो, आणि तिथं चौथ्या मजल्यावर धुण्याच्या बाल्कनीत गॅसची शेगडी आणि इडलीचं मोठं पात्र. त्यातल्या वाफेवर ती रंग पक्का करते. मी घाबरून विचारलं, "ह्यातच इडल्या?" ती हसली. "नाही हो काका, इडल्या आम्ही ऑर्डर करतो. हे फक्त रंगाचं."

भिंतीवर लडी टांगल्या होत्या. बारीक सुताची, मेंढीची मऊ लोकर. एकेक लडी पिळून अशी लोंबत ठेवलेली की मला आपल्या मागच्या अंगणातले लडी वाळवायचे बांबू आठवले. तिनं प्रत्येक रंगाला इंग्रजी नाव दिलं होतं. डाळिंबीला कुठल्याशा दारूचं नाव होतं. मी म्हटलं, डाळिंबी. ती म्हणाली, "अरे, हे भारी आहे. थांबा, लिहून घेते." मग मी तुमच्यासारखं सगळं केलं. लडी मानेला घासून बघितली, अक्काचं कातडं आता कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालंय, तिला टोचता कामा नये. धाग्याचं टोक भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबलं, रंग उतरला नाही. ट्यूबलाइटखाली नको म्हणालो, दारात चला. उन्हाकडे पाठ करून, चिंधी एका हातात आणि लडी एका हातात. आणि तिथं माझी पंचाईत झाली. कारण गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा अजून तसाच आहे. उजव्यानं बघितलं की सगळं धुतल्यासारखं, निळसर. डाव्यानं बघितलं की चहा सांडल्यासारखं. मी एकदा हा मिटतो, एकदा तो मिटतो. मुलगी म्हणाली, "काका, ठरवा बरं, कुठल्या डोळ्यानं घ्यायची?" सूनही हसायला लागली. "त्यांना दोन्ही डोळ्यांनी भीतीच दिसते," म्हणाली.

पण अण्णा, चिंधी आणि लडी एकाच डोळ्यानं बघितल्या की जुळत होत्या. उजव्यानं जुळल्या, डाव्यानंही जुळल्या. गडद बाजूशी अगदी तंतोतंत. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "सरी! बरोबर!" म्हणालो. सहा लडी लागणार होत्या. तिनं सहा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "सगळ्या एकाच घाण्यातल्या आहेत, काका." मी पाच बघितल्या. सहावी बघितली, पुन्हा बघितली. ती फिकी होती. फार नाही, एक धागाभर. दारातल्या उजेडात दोन्ही डोळ्यांना दिसली. मी तोंड उघडलं. ती मुलगी इतक्या मायेनं बोलत होती, सून चप्पल घालून उभी होती, खाली रिक्षा थांबवलेली होती. आणि मला डोळा कुठं आहे? मी तोंड मिटलं, सहाही लडी पिशवीत घातल्या आणि घरी आलो.

मग काय होणार होतं? पाठीचा अर्धा भाग पहिल्या लडीत झाला. दुसरी लडी म्हणून नेमकी तीच हातात आली. तरी मी विणत राहिलो, वाटलं धुतल्यावर बसेल, वाटलं माझे डोळेच वेगळे. काखेपर्यंत आलो आणि काल पाठ दारात धरली. मधोमध रेघ मारल्यासारखी. खाली गडद, वर फिकी. असेच साठ वर्षांपूर्वी तुम्ही उभे होता, अण्णा, दुसऱ्या दारात.

तो दिवस मी कधी कुणाला सांगितला नाही. लग्नाला आठ दिवस होते. आनेकलच्या विणकरानं साडी आणून दिली, तुम्ही ती स्वतः उंबऱ्यात पसरली. लेकीच्या साडीचं रेशीम तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं, बारा लडी स्वतः रंगवल्या होत्या, फक्त वाळवून बांधायचं काम मला दिलं होतं. निऱ्यांच्या जागी, काठापासून काठापर्यंत, चार बोटं फिका पट्टा. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन माणसं कामाला होती, विणकर होता, आई दारामागे होती. तुम्ही विचारलंत, "लडी कुणी बांधल्या?" मी म्हणालो, "मी." तुम्ही साडीची घडी घातलीत आणि म्हणालात, "तुला डोळा नाही रे. तू ह्या कामाचा नाहीस." दुसऱ्या दिवसापासून मी रंगाच्या खोलीत गेलो नाही. अक्का मात्र तीच साडी नेसली. आईनं दुसरी काढून दिली होती, तिनं ऐकलं नाही.

काल संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. ती बिचारी लगेच म्हणाली, "अय्यो, सॉरी काका! ती एक लडी नीट चढली नव्हती, मी परत बुडवली होती. मला वाटलं मॅच झाली." बेंगळुरूत राहून तीही अय्यो म्हणायला शिकली आहे. मी म्हणालो, "बाळ, चूक तुझी नाही. मला दारातच दिसलं होतं. मी बोललो नाही." ती म्हणाली, "मग बोलायचं ना, काका!" रागानं नाही, अगदी सहज. जसं काही एवढंच तर असतं. मग तिनं उपाय सांगितला. दोन ओळी गडद लडीच्या, दोन ओळी फिक्या लडीच्या, असं आलटून पालटून विणत जायचं, रंग एकमेकांत मिसळतात, रेघ दिसत नाही. पण मिसळायचं तर पहिल्या ओळीपासून. मधूनच सुरू केलं तर तिथं नवी रेघ पडते. दुसरी लडी देते म्हणाली, मी नको म्हणालो. हीच वापरीन. म्हणून सकाळी बसलो आणि सगळं उसवलं. अक्काची तब्येत अशी आणि माझा वेग असा, भीती वाटतेच. पण घाईनं रेघेचा स्वेटर तिच्या अंगावर घालणार नाही. एकदा घातली आहे तिला रेघ. आता रोज सकाळी ऊन आलं की बसायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं आहे. गॅसचं बटण सून बघेल.

तर ते बारा लडींचं. अंगणात त्या मी बांबूवर टाकल्या होत्या. उलटवताना एक निसटली आणि चुलीच्या ओल्या राखेत पडली. धुतली तर राखेनं रंग मारला, गढूळ तपकिरी झाली. तुम्ही बाजारात गेला होता. मी ती लडी चुलीत घातली. जळलेल्या रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो हे मला माहीत नव्हतं. तुम्ही आलात आणि उंबऱ्यातूनच विचारलंत, "केस कुणी जाळले?" मी म्हणालो, "अक्कानं फणीतले चुलीत टाकले." लग्नघरात, होमाच्या आधी, मुलीनं चुलीत केस टाकले म्हणून तुम्ही तिला किती बोललात. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि बारावी लडी मी आदल्या दिवशीच्या घाण्यातून काढून मोळीत बांधली.

रविवारी मी आनेकलला जाणार आहे, बाह्यांचं माप घ्यायला. केसांचं तेव्हाच सांगणार आहे. सून म्हणते, इतक्या वर्षांनी कशाला त्रास. मी सांगणार आहे. माप घेताना तिचा हात माझ्या हातात असेल, तेव्हाच सांगेन, म्हणजे मला उठून जाता येणार नाही. आणि फिक्या लडीतली थोडी लोकर बाजूला ठेवली आहे. डाव्या बाहीच्या टोकाला, मनगटाच्या वर, चार बोटं फिका पट्टा घालणार आहे. तिला आवडतो म्हणाली ना. ह्या वेळी मुद्दाम, आणि तिला विचारून.

उसवलेल्या लोकरीची लडी करून ती धुतली, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकली आहे. कुरळ्या केसांसारखी झाली होती, आता हळूहळू सरळ होते आहे. वाळली की गुंडा करायचा. गुंड्याच्या पोटात एक घट्ट घडीचा कागद लागतो, त्याच्याभोवती धागा गुंडाळत जायचं. हाच कागद घालीन. तुम्हाला पाठवायला तरी कुठं पाठवणार?

घडी घालण्याआधी एवढंच. ती बारावी लडी मोळीत बांधताना मी दारात धरून बघितली होती, तुम्ही शिकवलं होतं तशी, उन्हाकडे पाठ करून. ती फिकी आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं, अण्णा. तुम्ही डोळा नाही म्हणालात, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.