कोदोच्या फोटोखालची ओळ

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, आणि मी शिक्षिका होईन असं तुम्ही शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं. ते झालं नाही. मी एका दुकानासाठी लिहिते. तुमच्या वेळी असं काम नव्हतं, म्हणून आधी ते काय आहे ते सांगते. आपल्या जबलपुरातच, नेपियर टाउनमध्ये, एक दुकान आहे. कुंडमकडच्या बायका कोदो आणि कुटकी पिकवतात, म्हणजे भातासारखं शिजणारं बारीक धान्य. ते पाकिटात भरून हे दुकान विकतं, शिवाय महुआचे, म्हणजे मोहाच्या फुलांचे, लाडू. हल्ली गिऱ्हाईक दुकानात यायच्या आधी मोबाईलवर फोटो बघतं, आणि फोटोखाली चार ओळी असतात, त्यांना कॅप्शन म्हणतात. त्या ओळी मी लिहिते. आई अजून लोकांना सांगते, "काहीतरी मोबाईलचं करून राहिली ते." पण सांगताना तिचा आवाज चढतो, ते मला ऐकू येतं.

हे काम मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवलेलं नाही. लहानपणी माझी छाती सारखी भरायची, डॉक्टरांनी दोन वर्षं घरीच ठेवा म्हटलं, आणि पहिली-दुसरी तुम्हीच घेतलीत, क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, फॅक्टरीतून आल्यावर, आई पोळ्या लाटत असायची तेव्हा. रोज घरातली एक वस्तू आणि तिच्यावर दोन ओळी. एकदा मी लिहिलं की आमच्या घरचा चहा जगात सगळ्यात चांगला आहे. मला वाटलं आई खूश होईल. तुम्ही वही डोळ्यांजवळ नेलीत. "जगात?" म्हणालात. "किती घरचा चहा पिऊन पाहिला तू?" मी म्हटलं, आपलाच. "मग जग काहून लिहिलं?" मी रडायला लागले. मला अजूनही तसं लगेच रडू येतं. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही माझा हात धरून लाइनीतल्या तीन क्वार्टरांत नेलंत आणि प्रत्येक दारात सांगितलंत, "अर्धा कप द्या वहिनी, मुलीचा अभ्यास आहे." घरी येऊन मी लिहिलं की कोपऱ्यावरच्या काकूंचा चहा आमच्यापेक्षा चांगला आहे. तुम्ही त्याखाली बरोबरची खूण केलीत. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

तुमचं खरं काम मी एकदाच पाहिलं. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी घरच्यांना फॅक्टरीत सोडायचे, मशीनींना झेंडूच्या माळा घातलेल्या असायच्या. तुमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलाशी मी उभी आहे, हातात बुंदीचा द्रोण, आणि तुमच्या सोबतचे एक काका मला म्हणतायत, "बिटिया, संभाल के खाना, तुम्हारे पापा तो परसाद भी रिजेक्ट कर देते हैं." सगळे हसले, तुम्हीही. मग तुम्ही मला तुमचं रजिस्टर दाखवलंत. त्यात मध्येच एका आकड्यावर एक सरळ रेघ होती, शेजारी नवा आकडा आणि तुमची सही. मी विचारलं, खोडरबर नव्हतं का? तुम्ही म्हणालात, इथे चूक पुसायची नसते. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कोणी मारली ते लिहायचं. मला तेव्हा ते फार लाजिरवाणं वाटलं होतं. आपली चूक अशी सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची, तीही सहीसकट.

आता मी कसं लिहिते ते सांगते, कारण हे सांगायला मला दुसरं कोणी नाही. मोबाईलवर कॅप्शनची पहिली ओळच दिसते, बाकीची बोट लावल्याशिवाय उघडत नाही, आणि लोक बोट लावत नाहीत. म्हणून जे सांगायचं ते पहिल्या ओळीत. फोटोत दिसतंय ते पुन्हा लिहायचं नाही. पाकीट हिरवं आहे हे लोकांना दिसतं, त्यांना हवं असतं ते हे की कोदो किती वेळ भिजवायचा, मुलं खातील का. "सर्वोत्तम", "अप्रतिम" असे शब्द मी वापरत नाही. दुकानाचे मालक, त्यांना मी भैया म्हणते, सुरुवातीला म्हणायचे, "थोड़ा मसाला डालो दीदी, इतना सूखा कौन पढ़ेगा." मग एकदा मी घरी पहिल्यांदा कोदो शिजवला आणि त्याचा लगदा झाला. मी त्या लगद्याचाच फोटो टाकला आणि लिहिलं, "मुझसे तो बिगड़ गया, पानी ज़्यादा हो गया था. आप कितना डालते हैं?" बाबा, जबलपूरच्या अर्ध्या बायकांनी मला पाणी किती घालायचं ते सांगितलं. एकीने लिहिलं, "बेटा, शादी से पहले सीख लो." आणि सांगता सांगता त्यांनी पाकिटंही मागवली. त्या दिवसापासून भैयांनी मसाल्याचं नाव काढलं नाही. पाकिटात भरलेलं प्रत्येक धान्य मी घरी शिजवून बघते, मगच लिहिते. आईला आता कुटकीची खीर तुमच्या आवडीच्या शेवयांपेक्षा चांगली वाटते, हेही सांगून टाकते.

पण एक ओळ मी न बघता लिहिली. थंडी सुरू झाली होती. दुसरं एक दुकान त्यांच्या पेजवर लिहीत होतं की कोदो खाऊन शुगर मुळापासून जाते, आणि त्यांचा माल उडत होता. भैया म्हणाले, आपणही लिहू. मी म्हटलं, हे खोटं आहे, मी लिहिणार नाही. ते म्हणाले, बरं, मग काहीतरी नरम लिहा. मी तासभर विचार करून लिहिलं, "शुगर वालों के लिए वरदान." मला स्वतःचं कौतुक वाटलं, मी खोटंही लिहिलं नव्हतं आणि भैयांनाही दुखावलं नव्हतं. दहा जणांनी असंच लिहिलेलं मी वाचलं होतं. तीन घरांचा चहा प्यायचे कष्टसुद्धा मी घेतले नाहीत. ती पोस्ट आमची सगळ्यात जास्त फिरली.

मग एका सकाळी दुकानात पोचल्यावर मी त्याखाली एका बाईची कमेंट वाचली. तिच्या सासऱ्यांनी दहा दिवसांपासून दोन्ही वेळा कोदो सुरू केला होता आणि शुगरची गोळी बंद केली होती. "आपकी पोस्ट दिखाकर ही बंद की है. अब तो कोई दिक्कत नहीं है ना?" मी आधी तिला उत्तर लिहिलं की गोळी बंद करू नका, आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या, चूक आमची आहे. मग भैयांना सांगितलं. ते घाबरले, मला तो त्यांचा चांगुलपणाच वाटला, पण त्यांनी लगेच म्हटलं, "पोस्ट डिलीट मारो. किसको याद रहेगा." मी म्हटलं, ज्यांनी वाचून गोळी बंद केली त्यांना याद राहील. डिलीट केली तर त्यांना कसं कळणार की ते चूक होतं?

मी पोस्ट काढली नाही. जुनी ओळ तशीच ठेवून तिच्या वर लिहिलं, "नीचे जो 'वरदान' लिखा है, वह ग़लत है. मैंने बिना किसी डॉक्टर से पूछे लिखा था. कोदो खाना है, दवा नहीं है. अपनी गोली बंद मत कीजिए." आणि खाली माझं नाव, दुकानाचं नाही. भैया माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "ये डालोगी तो कल से मत आना." ही माझी पहिली नोकरी, बाबा, जी मी सहा महिन्यांहून जास्त टिकवली होती. आधीच्या दोन मी भीतीपोटीच सोडल्या होत्या, कोणी मोठ्याने बोललं तरी मला पुरायचं. मी बटण दाबलं. मग पर्स उचलली, आणि ऑटोत बसेपर्यंत रडले नाही.

दुपारी त्या बाईचा मेसेज आला. सासऱ्यांना क्लिनिकमध्ये नेलं, शुगर बरीच वाढली होती, गोळी पुन्हा सुरू केली. पुढे तिने दोन ओळी रागाच्या लिहिल्या होत्या. त्या मी वाचल्या आणि तशाच राहू दिल्या. मी घरी बसले. आई माझ्या ताटात जास्त वाढत होती. चौथ्या दिवशी भैयांचा फोन आला. त्या गोष्टीचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "कुटकी का नया माल आया है. पका के बताओ कैसा है, तब पैकेट बनाएंगे." मी दुकानात गेले तर कुंडमहून माल घेऊन आलेली बाई तिथेच बसली होती. तिच्या मुलीने तिला मोबाईलवरचं वाचून दाखवलं होतं. ती माझ्यावर चिडलेली. "हमारे कोदो में क्या खराबी है, बताओ?" मी म्हटलं, काकी, तुमच्या कोदोत काही खराबी नाही, माझ्या लिहिण्यात होती. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग म्हणाली, "तो फिर ठीक से लिखो. हम तो ठीक से ही उगाते हैं." काही गिऱ्हाइकं त्या दुसऱ्या पेजवर गेली, ती परत आली नाहीत. पण आता आमच्याकडे येणारी माणसं विचारतात, दीदी, तुम्ही हे करून पाहिलं का? आणि मी हो म्हणते तेव्हा ते खरं असतं. बाबा, मला माझा अभिमान वाटतो. हे वाक्य मी याआधी कधी लिहिलं नव्हतं.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. ती कमेंट मी सकाळी दुकानात वाचली, असं मी तिला सांगितलं आहे, भैयांना आणि कमेंट लिहिणाऱ्या बाईलाही, आणि वर तुम्हालाही तसंच लिहिलं. मी ती आदल्या दिवशी संध्याकाळी वाचली होती, आईशेजारी मेथी निवडताना. मोबाईल पालथा ठेवला आणि वाट बघितली की दुसरं कोणीतरी त्या बाईला उत्तर देईल. सकाळपर्यंत कोणी दिलं नव्हतं. तेवढ्या वेळात ते आजोबा आणखी दोनदा जेवले असतील, गोळीशिवाय.