अट वर, उत्तर खाली

आई,

आज शनिवार. मी घरी आहे, म्हणजे गिरगावातच, आपली चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, आणि तुझ्याच त्या जेवणाच्या टेबलाशी बसले आहे. बाकी सगळं सामान गेलं, टेबल तेवढं मी सोडलं नाही. सकाळपासून वारा पडलाय, समोरच्या क्रेनचा दोरसुद्धा हलत नाही. साडेअकराला डोंगरातल्या एका लहानशा विमानतळावरून कॅप्टनचा फोन आला. "ताई, शेठ आठला निघणार होते ना, ते आता दुपारी अडीचला निघतायत. घरची आठ माणसं आहेत. तुमच्या शीटवर पास आहे ना?" मी काय उत्तर दिलं ते सांगते मग. आधी शीट कसली ते सांगते, नाहीतर तू विचारशीलच, आणि तुझं ते शांतपणे विचारणं मला अजूनही झेपत नाही.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. पैसेवाल्यांना स्वतःचं जेट घ्यायचं असलं की कुठलं घ्यावं हे आम्ही सांगतो. प्रभादेवीच्या एका बिल्डरसमोर दोन विमानं होती आणि कुठलं कसं चढतं ते मोजायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं दिसायला सुरेख, दोन्ही इंजिनं चालू असली की असं सुटतं की ढग कधी खाली गेले कळत नाही. दुसरं बोजड, सावकाश चढणारं. माहितीपत्रकात एवढंच छापलेलं असतं. पण विमान किती झपकन चढतं हा प्रश्नच नव्हे, हे तू मला लहानपणीच सांगून ठेवलंस. जमीन सोडता सोडता एक इंजिन गेलं, तर उरलेल्या एकावर, भरलेल्या विमानाने, भर उन्हात, समोरचा डोंगर ओलांडता येईल का, हा खरा प्रश्न. गरम हवा विरळ असते, तिच्यात इंजिनालाही दम लागतो आणि पंखांनाही. या प्रश्नाला दुसरं विमान दुपारीसुद्धा हो म्हणतं. पहिलं त्या डोंगरात सकाळी नऊपर्यंत कसंबसं हो म्हणतं. त्यानंतर नाही.

तुझं ऑफिस आठवतं मला. मे महिन्याची सुट्टी, शेजारच्या काकू गावी गेलेल्या, म्हणून तू मला सांताक्रूझला सोबत नेलंस. उतरतं टेबल, त्यावर पसरलेला आलेखाचा मोठा कागद, आणि तुझ्या हातात ती अर्धी लाल, अर्धी निळी पेन्सिल. तू तापमानाच्या रेघेपासून सुरुवात करतेस, वर उंचीपर्यंत जातेस, तिथून आडवी वजनापर्यंत, मग सरळ खाली, तिथे उत्तर. पण त्याही आधी कागदाच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहितेस: तापमान इतकं, वारा नाही, धावपट्टी कोरडी. उत्तर सगळ्यात खाली, निळ्यात. एक धिप्पाड कॅप्टन येतो, टेबलावर टोपी ठेवतो, लाडीगोडी लावतो. "बाई, थोडं वजन वाढवून द्या की. तुमच्याच हातात आहे." तू मान वर न करता म्हणतेस, "मी सोडेन हो साहेब. डोंगर सोडणार नाही." तो हसला. तू हसली नाहीस, म्हणून मग मीही हसले नाही.

घरीही तुझं तेच. लोणच्याच्या बरणीवर आधी "ओला चमचा नको" आणि मग खाली "कैरी". काकूंच्या औषधाच्या पुडीवर "जेवल्यावरच" हे लाल आणि मोठं, गोळीचं नाव त्याच्या खाली. बाबा चिडवायचे, हिला जेवायला काय केलंय विचारलं तर आधी विचारेल हात धुतलेत का. तू म्हणायचीस, "अट खाली लिहिली की कोणी वाचत नाही. उत्तर मिळालं की माणूस उठून जातो." मला तेव्हा ते तुझं खूळ वाटायचं.

आणि तो बोंबलांचा रविवार. मी तेरा वर्षांची असेन. तू ऑफिसातून रद्द झालेला एक आलेख आणला होतास, तो मला सोडवायला दिलास, याच टेबलावर. तू ओट्याशी बोंबील तळत होतीस. तुझी वही बाजूलाच उघडी होती, त्यात मला उत्तर दिसलं. माझी रेघ तिथे पोचत नव्हती, म्हणून मी ती जराशी वाकवली. अगदी जराशी. तू येऊन पाहिलंस, परत गेलीस, तव्यातले बोंबील काढलेस, गॅस बंद केलास आणि मगच बोललीस. "उत्तर आधी ठरवलंस आणि मग पेन्सिल फिरवलीस. चुकली असतीस तर मी एक शब्द बोलले नसते." एवढंच. मला इतका राग आला होता तुझा, की मी बोंबील खाल्ले नाहीत, आणि तू आग्रहसुद्धा केला नाहीस.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला तशीच एक कोरी पेन्सिल दिलीस, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. म्हणालीस, "लाल आधी संपली पाहिजे." तुझ्या सगळ्या पेन्सिलींची लाल बाजूच आधी संपायची. पुढे चार वर्षांत तू गेलीस. त्यालाही आता बावीस वर्षं झाली.

तर ती शीट. त्या बिल्डर शेठना पहिलं विमान आवडलंय हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मी दुपारचं तापमान धरून हिशेब केला. नापास. मग चहा घेऊन आले आणि सकाळचं तापमान धरून तोच हिशेब परत केला. पास. आकडा खोटा नव्हता, आई, एकही नाही. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त सकाळी नऊच्या आत. आमच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "अगं, तळटीप टाकलीस की क्लायंट पहिली तीच वाचतो. मॅन्युअलमध्ये असतं ना सगळं. कॅप्टन बघेल." त्यांनी माझा हात पिरगाळला नाही. मी स्वतःच ती ओळ पुसली. मीटिंगमध्ये शेठ म्हणाले, "ताई, एका पानात सगळं कळलं," आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पहिलंच विमान घेतलं आणि त्याच्या पूजेला बोलावलं त्यांनी. पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, मला कुंकू लावायला लावलं, मीही लावलं, आणि सगळ्यांबरोबर फोटोत उभी राहिले. तिथेच शेठचा हा कॅप्टन म्हणाला होता, ताईंची शीट असली की मी परत मोजत नाही. तो म्हणाला तेव्हा मला तुझी आठवण आली होती, आणि लाज वाटायची सोडून मला अभिमान वाटला. त्याला कसं सांगू की ज्या बाईच्या शिस्तीवर तो भरवसा ठेवतोय ती बाई मी नव्हे.

फोनवर आत्ताच पाहिलं, तिथे अडतीस अंश दाखवतंय. अडीचपर्यंत चढेल अजून. इंजिन जाणार नाही, बहुतेक वेळा जात नाहीच. हे वाक्य मी फोन आल्यापासून मनात घोळवतेय. तुझ्यासमोर ते म्हणायची माझी छाती झाली नसती. त्याला सांगायचं आहे ते एवढंच: निम्मी माणसं उतरव, नाहीतर उद्या सकाळी सातला निघ. बोलायला दहा सेकंद लागतात.

आणि एक. त्याने विचारलं तेव्हा मी "बघून सांगते" म्हटलं नाही. "हो, पास आहे," असं म्हटलं. तो "थँक्यू ताई" म्हणाला आणि मी फोन ठेवून हा कागद पुढे ओढला. तुला लिहीत होते तोपर्यंत त्याच्याशी बोलावं लागत नव्हतं. तू कुठे हे वाचणार आहेस. दीड वाजायला आलाय. आता दोनदा फोन लावला, वाजतोय, तो उचलत नाही. सामान चढवत असतील. परत लावते.

तू दिलेली पेन्सिल इथेच टेबलावर आहे. निळी बाजू झिजून बोटभर उरलीय. लाल बाजूला मी अजून टोकसुद्धा काढलेलं नाही.