हसण्याचा शॉट

३ मार्च, अकोला
आले एकदाची! अमरावतीहून बसने आले, बॅग टाकली आणि पहिलं काम म्हणजे खातूनबींच्या हातचा चहा. त्यांच्यावर माहितीपट करायचाय, म्हणून महिनाभर त्यांच्याच घरी मुक्काम. ऐंशीच्या दशकातल्या पोस्टरवर त्या 'मिस ज्वाला': भिजलेली साडी, पत्र्याचे सुळे, हातात कुऱ्हाड. हे भयपट आठवड्याभरात उरकायचे आणि हिवरखेडच्या तंबूत धो धो चालायचे. रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत. प्रत्येक चित्रपटात बाईंना कुणीतरी मारायचंच. लोकं माह्यं मरन पाहाले येत, असं त्या खदखदून हसत सांगतात. मी तर प्रेमातच पडले.

६ मार्च
बाई घराबाहेर पडत नाहीत. भाजीसुद्धा दारात घेतात. आज कारण सांगितलं. मुडद्याचा शॉट झाला की कॅमेरा न थांबवता त्याच नटाला हसवायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही, असा त्या सिनेमावाल्यांचा रिवाज. शेवटच्या चित्रपटात, याच घरात, हसण्याआधीच रीळ संपलं. तेव्हापासून उंबरा ओलांडता येत नाही म्हणे. मी मनात म्हटलं, माहितीपटाला घबाडच लागलं!

७ मार्च
त्यांचा जुना, चावीचा कॅमेरा अजून चालतो. तसाच एक शॉट करू, असं मीच सुचवलं. मूर्ख मी! नाकात कापूस घालून चादरीखाली पडले. कॅमेऱ्याची चावी उतरली, घरघर थांबली. मला हसवलं कसं नाही म्हणून डोळे उघडले, तर बाई चपला घालत होत्या. माफ कर पोरी, लय वर्सं झाली मले इथं, एवढंच म्हणाल्या आणि उन्हात चालत्या झाल्या.

८ मार्च
दार सताड उघडं आहे आणि पाय उंबऱ्यापलीकडे जातच नाही. दूधवाल्या श्यामने हात धरून ओढलं. मग एकदम सोडला. तुमचा हात लय थंडा हाय म्हणाला आणि पळाला.

११ मार्च
नाकातून कापूस येतोय. ओढून काढते, पुन्हा येतो. मला घरी जायचंय. फक्त घरी.

१२ मार्च
धाकटी बहीण आचल आली. मी बोलावलं नव्हतं — बोलावलं होतं. सगळं सांगितलं. ओढून ओढून थकली, रडली. मग म्हणाली, कॅमेऱ्यात थोडं रीळ उरलंय, मी झोपते. तुझा पाय बाहेर पडला की हाक दे, मी लगेच हसते. नको म्हटलं. दोनदाच म्हटलं.

१३ मार्च
आचल चादरीखाली. कॅमेरा चालू केला.

पाय बाहेर! मी बाहेर! ऊन किती —

हाक द्यायला हवी. पण ती हसली आणि मरण परत माझ्याकडे आलं तर —

ती विचारतेय. ताई, आता हासू काय?

घरघर थांबली.

ती अजून विचार —