परत न मागितलेली डिस्क

तीन महिने झाले, तू मला फोन केलेला नाहीस. आजोबांच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांचा लॅपटॉप देऊन टाकला, एवढाच माझा गुन्हा. मेलेल्याच्या वस्तू त्याच्या नावाने द्यायच्या आणि दिलेलं परत मागायचं नाही, हे तू चड्डीत होतास तेव्हापासून तुला ठाऊक आहे. तरी स्पेनमधून ओरडलास, "आजी, त्यात आईचे व्हिडिओ होते!" आणि फोन आपटलास.

हं. झालं सांगून. आता प्रिय सोरिन.

डिस्क परत आली आहे. मी मागितली नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. लॅपटॉप दिला होता शेजारच्या सफ्ताच्या पोरीला. तो रेंगाळतो म्हणून तिने त्यात नवी डिस्क बसवून घेतली आणि जुनी खिडकीत पडून राहिली. मी रोज कुंपणावरून त्या खिडकीकडे बघायची. सफ्ता भोचक आहे, पण आंधळी नाही. गेल्या रविवारी तिच्या सासूला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण होतं. मला पाव दिला, टॉवेल दिला, आणि टॉवेलावर ती डिस्क, सोबत पेटती मेणबत्ती. म्हणाली, "घे गं म्हातारे, माझ्या सासूच्या आत्म्यासाठी. आता नाही म्हणायची सोय नाही." ती सासू जन्मभर माझ्याशी कोंबड्यांवरून भांडली. मेल्यावर पहिल्यांदा उपयोगी पडली.

पण नुसती डिस्क काय कामाची? तिला डबी लागते, मग ती केबलने दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते. पाद्रीबाबांनी हौसेने एक मागवून दिली. ती निघाली पातळ डिस्कची, आपली जाड. झाकण बसेना. म्हणाले, "जरा दाबून बघा." मी म्हटलं, बाबा, ही काय प्रवासाची बॅग आहे? मग बसने काराकालला गेले, नेलूच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. त्याने तीन डब्या मांडल्या. चकचकीत होती ती म्हटलं ठेव तुझ्या लग्नाला. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या डबीची केबल बोटाने हलवली तर दिवाच विझला. मधली पत्र्याची, चार स्क्रूची. म्हटलं, हिच्यात डिस्क घाल, चालू ठेव, मी औषधं घेऊन येते. म्हणे, "आजी, डबी घेताय की गाय?" गाय असती तर दातही बघितले असते. तासाने येऊन तळवा ठेवला. कोमट, बस. केबल हलवली, दिवा तसाच. तीच घेतली, रोख पंचावन्न लेई मोजून.

एवढ्यावर निघाले असते तर बरं होतं. नेलूने खात्रीसाठी म्हणून काहीतरी उघडलं आणि दुकानात तुझी आई बोलली. "आई, मीठ कुठं ठेवलंस?" एवढंच. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मी केबल उपटली. नेलू किंचाळला, "असं उपटायचं नसतं! जुनी डिस्क आहे, बंद पडेल!" परत लावून बघू म्हणाला, मी डबी पिशवीत कोंबली आणि बस गाठली.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. डबी कपाटात ठेवते, काढते, चुलीपासून लांब नेते, ओल लागेल म्हणून पुन्हा जवळ आणते. डबी भरवशाची आहे, ती मी निवडली. माझ्या हातानेच आतली डिस्क मारली असेल तर?

आता खरं लिहिते. रीत म्हणून दिला असं मी सगळ्यांना सांगितलं, पाद्रीबाबांनासुद्धा. तुझे आजोबा रोज जेवण झालं की तुझ्या आईचे, आमच्या विओरिकाचे व्हिडिओ लावायचे आणि मी उठून कोंबड्यांकडे जायची. अंधार असला तरी. ते गेले आणि घरात तो लॅपटॉप आणि मी, दोघंच उरलो. म्हणून मी त्याला घालवलं. तुझी आई मी तुला न विचारता देऊन टाकली. चूक माझी. हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही. ईस्टरला ये, तुझा लॅपटॉप घेऊन. केबल तू लाव. मी शेजारी बसेन, आणि आतून आवाज आला तर उठणार नाही.

तुझीच, कोंबड्यांत लपणारी,
आजी पारास्किवा

उत्तर तूच द्यायचंस, तुझ्या तोंडाने. बायकोकरवी 'पत्र पोचलं' असा निरोप धाडलास तर तो मला पोचला नाही असं समज.