शिवणीतली माया

जळगाव,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. हितेंद्र,

आशीर्वाद आधी घे, मग बाकीचं वाच. पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फक्त हे सोनगीरला घरी बसून वाच. धुळ्याला डायलिसिसच्या मशीनवर पडल्या पडल्या नको, तिथे तुझा एक हात अडकलेला असतो.

फोन सोडून लिहायला बसले, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर. एकीकडून तुझी बायको कामिनी बोलते, मागे टीव्ही बोलतो, आणि आपलं जरा कुठे सुरू झालं की तू विचारतोस, "आते कितलं शे वं अक्का?" मी किलो सांगते. तू "हां, हां" म्हणतोस आणि ठेवतोस. तुझं डायलिसिस सुरू झाल्यापासून आपण बहीणभाऊ आकड्यापलीकडे धड काही बोललेलोच नाही.

इकडे थंडी छान पडली आहे. गल्लीत रोज कुणीतरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतं आणि वास थेट माझ्या शिलाईच्या टेबलापर्यंत येतो. लग्नसराईचे ब्लाऊज इतके आलेत की तुझ्या भाऊजींना बसायला खुर्ची उरलेली नाही, ते बिचारे पायरीवर बसून पेपर वाचतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना बोलायला मी एकटी, आणि मी शिलाई मशीनच्या आवाजात बहिरी. संक्रांत तीन दिवसांवर आली, तीळ आणून ठेवलेत, अजून भाजलेसुद्धा नाहीत.

आकड्याचंच सांगायला बसले आहे, पण मला क्रमानं सांगू दे.

सुरुवात तुला पाठ आहे. तुझ्या-माझ्या रक्ताचा मेळ बसला, बाकीच्या तपासण्याही चांगल्या आल्या, आणि नाशिकचे डॉक्टर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. आधी उतरवा, आणि उतरवून काही महिने तिथेच टिकवून दाखवा." बाहेर आल्यावर तू हसला होतास. "अक्का, तुले तं फक्त कमी खानं शे," म्हणालास. जन्मभर लोकांची मापं घेणारी मी, मलाही वाटलं, खरंच, एवढंच तर आहे.

पहिल्यांदा उपाशी राहून उतरवलं आणि महिन्याभरात परत चढवलं. दुसऱ्यांदा चालून चालून उतरवलं, तेही परत आलं. तेव्हा डॉक्टरच म्हणाले की हे पोटाचं काम नाही, मनाचं आहे, कुणाकडून तरी शिकून घ्या. म्हणून मी रिंग रोडला सारिका मॅडमच्या वर्गाला जायला लागले. तुला मी फोनवर 'योगा' म्हणून सांगितलं होतं तो हाच वर्ग. तिथे आसनंही नाहीत आणि काय खावं याचा कागदही देत नाहीत. मन कसं वळवायचं ते शिकवतात, आणि खोटं कशाला सांगू, चांगलं शिकवतात.

काही तोंडात टाकण्याआधी हात पोटावर ठेवायचा आणि विचारायचं, भूक इथे आहे की जिभेवर. उभ्यानं खायचं नाही. एखाद्या दिवशी चुकलं तर 'आता सगळंच गेलं' म्हणून दिवसभर चरत सुटायचं नाही, पुढचा घास पुन्हा शहाण्यासारखा घ्यायचा. स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, कारण शिव्या खाल्लेलं माणूस त्यावर आणखी खातं. आणि खाण्याची हुक्की आली की तिच्याशी भांडायचं नाही, नुसतं बघत बसायचं. लाट येते तशी ती येते आणि उतरते. यावर आमच्या वर्गातल्या कुंदाबाई उठून म्हणाल्या, "मॅडम, आमना जयगावमा लाट फक्त उननी येस, आनि ती लवकर उतरत नही." मॅडम मुंबईकडच्या, जळगावच्या उन्हाची लाट त्यांना कळायला जरा वेळ लागला. आम्ही मात्र पोट धरधरून हसलो, आणि आमच्याकडे धरायला पोट भरपूर आहे.

हसत हसत का होईना, जमायला लागलं. समोर शेवभाजीचं पातेलं आणि मी आपली पोटावर हात ठेवून गप्प बसलेली, असं तुझ्या भाऊजींनी कितीदा पाहिलं आहे. ते म्हणायचे, "खाई ले वं, एक दिनमा काय व्हस?" मी म्हणायची, थांबा, बघते आहे. काय बघस, म्हणायचे. लाट, मी म्हणायची. त्यांना वाटायचं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग एकदा मॅडमनी सांगितलं, जसजसं वजन उतरेल तसतसे कपडे आत घ्या आणि जास्तीचं कापड कापून टाका, म्हणजे जुन्या मापाकडे जायची वाट बंद होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हाला काय, घरचंच काम. मी घरी येऊन माझे सगळे ब्लाऊज आत घेतले. कात्री मात्र लावली नाही. आम्ही शिवणारे लोक शिवणीच्या आत थोडं कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. बाई अंगानं भरली की टाके उसवायचे आणि ब्लाऊज सैल करून द्यायचा. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला मी बोटभर ठेवते. माझ्या स्वतःच्या ब्लाऊजांत चार चार बोटं माया झाली. काखेत काचायची, घामानं सोलवटून निघायचं, तरी कापली नाही. मनाला सांगितलं, चांगलं कापड आहे, वाया कशाला घालवा.

कापडासाठी नव्हती ठेवली, हितू. परत यायची तयारी होती ती.

नाशिकच्या आकड्याच्या अगदी जवळ मी एकदा नाही, तीनदा पोचले. दर वेळी शेवटचे दोन-तीन किलो उरले की माझा हात पोटावर जाईनासा व्हायचा. वर्गाला दांडी, ओट्याशी उभ्यानं खाणं, सगळं पहिल्यासारखं. मग मी तोंड पाडून तुला फोन करायची आणि तू म्हणायचास, "जाऊ दे अक्का, व्हई जाई पुढल्या महिनामा." सुया टोचून टोचून ज्याच्या दंडाची दोरी झाली, तो माणूस माझी समजूत काढायचा. आणि मी ती काढून घ्यायची.

डिसेंबरात भडगावला तुझ्या भाऊजींच्या पुतणीचं लग्न झालं. पंगतीत वरण-बट्टी होती, वर तुपाची धार. मी शिकवल्याप्रमाणे हात पोटावर ठेवला. भूक नव्हती. जिभेकडे लक्ष दिलं, तिथेही काही नव्हतं, लाट तर सोडच. तरी मी बट्टी चुरली आणि खात सुटले. चव लागत नव्हती, औषध घेतात तशी खात होते. अशा घासासाठी मॅडमनी एक प्रश्न दिला होता. भूक नाही, चव नाही, मग तू मला देतोस तरी काय, असं त्या घासालाच विचारायचं. वर्गात आम्ही याची टिंगल करायचो. त्या दिवशी पंगतीत बसून मी खरंच विचारलं, आणि उत्तर इतकं स्वच्छ आलं की घास तोंडातच राहिला.

एक महिना.

तो घास मला एक महिना देत होता. थोडं चढलं की नाशिकचं ऑपरेशनचं टेबल महिनाभर लांब जायचं. आणि तो महिना कुठून येत होता तेही मला तिथेच कळलं. तुझ्यातून कापून घेत होते मी. शेजारची बाई विचारत होती, तूप वाढू का. मी ताटावर हात आडवा धरला आणि उठले.

आता स्पष्ट लिहिते. मला किडनी द्यायची नाही.

भीती वाटते हे खरं आहे. पण नुसती भीती असती तर ती गिळून आले असते. मला द्यायचीच नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या कुशीवरून बोट ओढून दाखवलं, इथून काढू. मी रोज कापडावर खडू ओढते आणि त्या रेघेवरून कात्री चालवते. त्या दिवसापासून मी त्या कुशीवर झोपलेली नाही. माझं अंग जाडं आहे, लोक त्याला जन्मभर हसले, लहानपणी तूही मला 'ढबू' म्हणायचास. पण ते माझं आहे, आणि कुणी ते उघडून त्यातलं काही काढून घ्यावं याला माझं मन हो म्हणत नाही. मी त्याला किती विनवलं ते मलाच माहीत. देवापुढे बसून विनवलं. तुझा फोटो समोर ठेवून विनवलं.

तुझ्या भाऊजींवर ढकलू नकोस, त्यांनी केव्हाच हो म्हटलं आहे. घरात नाही म्हणणारी मी एकटी. आणि अक्काचा माझ्यावर जीव नव्हता असंही मनात आणू नकोस. जीव आहे. जीव असला की बाकीचं आपसूक होतं असं मलाही वाटलं होतं. होत नाही रे.

गेल्या खेपेला नाशिकला दवाखान्यातल्या एका बाईंनी मला एकटीला आत बसवलं होतं, आठवतं? तू बाहेर बाकावर होतास. त्या म्हणाल्या, "तुमच्या मनात नसेल तर मोकळेपणानं सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तब्येतीमुळे जमत नाही. वजनाचं कारण आहेच." मी म्हटलं, छे छे, पाठचा भाऊ आहे माझा. बाहेर येऊन तुझ्याबरोबर चहा प्यायले. त्या बाई जे खोटं द्यायला निघाल्या होत्या ते मी आधीपासूनच वापरत होते. ज्या जाडीपायी जन्मभर मान खाली घातली, तिच्याच आड मी आरामात बसले होते. बेबाबाईला तोंड आवरत नाही, असं म्हणून सगळ्या भाऊबंदांनी मला माफ केलं असतं. तू तर करतच होतास.

आता आकडा. भडगावच्या पंगतीतून उठले तेव्हापासून मी भुकेपेक्षा जास्त घास खाल्लेला नाही. ठरवून नाही, खायला कारणच उरलं नाही. आज सकाळी काट्यावर उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्याही खाली आले आहे. मॅडमना कळवलं तर मला वर्गात उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतील. आणि हेही सांगून टाकते, मी परत चढवायचा प्रयत्न केला. गेल्या आठवड्यात जिलबीचा पुडा आणला, दार लावून बसले. हात आपोआप पोटावर गेला. भूक नव्हती. पुडा तसाच गल्लीतल्या पोरांना दिला. शिकलेलं आता सुटत नाही, हितू. फेब्रुवारीच्या तपासणीला डॉक्टर काटा बघून खूश होतील, म्हणतील आता एवढंच टिकवा, आणि ते टिकणार आहे, मला कळतंय. मग माझ्याजवळ 'नाही' या शब्दाशिवाय काही असणार नाही. तो तिथे तुझ्या तोंडाकडे बघत उच्चारायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून इथे लिहिला.

दिवाळीत डॉक्टरांनी तुला अदलाबदलीचं सुचवलं होतं. कामिनीचं रक्त तुझ्याशी जुळत नाही, पण असंच न जुळणारं दुसरं जोडपं मिळालं तर तिची किडनी त्यांच्या माणसाला आणि त्यांची तुला. कामिनी तेव्हाच तयार होती. तू हसून म्हणालास, "मनी अक्का शे ना, मंग लोकेसना दारशी कसाले जाऊ?" मी तुझ्या शेजारीच बसले होते. मीही हो म्हणून मान हलवली. मला झोप लागत नाही ती त्या मान हलवण्यामुळे.

या आठवड्यातच कामिनीला घेऊन नाशिकला जा आणि नाव लाव. रांग मोठी आहे. मिळेलच असं नाही, मिळायला वर्षं जातात म्हणतात, आणि तुझ्या हाताच्या शिरा किती दिवस साथ देतील ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. मी तुला आशा दाखवत नाही, इतके दिवस तेच केलं. फक्त माझ्या वाटेकडे बघत बसू नकोस, तिकडून कुणी येणार नाही.

पत्र कामिनीला वाचायला दे. फोन ठेवताना ती नेहमी म्हणते, "अक्का, तुम्ही शेतस म्हनीसन धीर शे." तिला सांग, तो धीर माझ्याकडून काढून घे. ती रागानं काही बोलली तर बोलू दे, तिचं बरोबर असेल.

आखाजीच्या सणाला मला माहेरी बोलवायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. नाही बोलावलंत तर मी इकडे सांगेन की ब्लाऊजांच्या घाईत जमलं नाही.

आणि नाशिकला कुणी विचारलं, बहिणीचं काय झालं, तर वजनाचं नाव घेऊ नकोस. वजन आता बरोबर आहे. ती नाही म्हणाली, एवढंच सांग.

तुझी,
दोन्ही किडन्या शाबूत असलेली,
बेबाअक्का