गार झालेला दगड

शनिवार पेठ, पुणे
११ एप्रिल १९९३

दादा,

नमस्कार राहू दे, आधी हे ऐक. मी पळून आलो असं तू दर पत्रात लिहितोस. विहिरीचं काम नको होतं, खरं आहे. पण इथंही दगडच उचलतो, मग पळून पोचलो कुठं ते तूच सांग. बाकी बरा आहे. मंडईत कैऱ्या आल्यात.

मथुरावहिनींनी कळवलं की विहिरीच्या पोटात तू आडवं बीळ पाडतोयस. सुरुंगानं वस्तीच्या भिंती तडकतात, म्हणून आत लाकडं पेटवतोस, सकाळी पाणी मारतोस आणि दगड गार झाला की पहार घेऊन आत शिरतोस.

हसशील, पण आमच्या प्रयोगशाळेतही तेच चाललंय. काळ्या दगडाच्या ठोकळ्याला भोक पाडून आत विजेची कॉइल तापवतात. जमिनीखालच्या पोकळीत काही गरम ठेवलं तर भोवतीचा खडक टिकेल का, ते बघायला. आमचे श्रीधर साहेब त्या तापण्याचं लाल-पिवळं चित्र कॉम्प्युटरवर काढतात. कॉम्प्युटर म्हणाला, तापताना फुटेल. नाही फुटला. कॉइल बंद केली, दुसऱ्या दिवशी हात लावला तर गार.

मी विचारलं, "साहेब, जिंकलो का?"

"भैरू, आधी भोक झाडून घे. सत्कार मग करू."

हात घातला. आवाज नाही, काही नाही, आणि वरून दगडाची कपरी सुटली.

का सुटली? साहेब म्हणतात, आत ऊब राहिली असेल. नाहीतर गार होतानाच ताण बसला असेल. नाहीतर भेग आधीचीच असेल, ती चित्रात धरलीच नव्हती. म्हणजे माहीत नाही, असंच ना? आपल्या विहिरीचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत. मी विचारलं, "भाऊ कधी आत गेला तर चालेल?" तर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." एवढा शिकलेला माणूस असं म्हणतो, तर मी काय समजायचं?

तू म्हणशील, अजून काही पडलं नाही. आमचंही आदल्या दिवसापर्यंत पडलं नव्हतं.

अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हातानं लिहितोय. उजव्याची दोन बोटं गेली. आईला वाचून दाखवू नकोस. वीतभर भोक होतं, दादा. तुझ्या बिळात तू अख्खा मावतोस.

आग बंद कर. कॉम्प्रेसरवाल्याकडून भोकं पाडून घे आणि पाचरी मारून फोड. वेळ लागला तर लागू दे. मला भित्रा म्हण, पळपुटा म्हण, पण पत्र मिळताच त्या कॉम्प्रेसरवाल्याला बोलाव. त्याच्या भाड्याची मनिऑर्डर केलीय, चारशे रुपये.