तुम्ही टाका, आम्ही उचलतो

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सहा
आज नोकरी सोडणार. एकोणीस वर्षं मेव्हण्याच्या, म्हणजे रसेलच्या दुकानात कार्पेटं विकली. गुडघे गेले. आता खाली नाही, वर बघायचं.

बघितलंच आहे. आमच्या वॉलोंगॉन्ग शहरात या घडीला चौदा क्रेन उभ्या आहेत. गच्चीवरून मोजल्या. चौदा हुक, आणि कधीही बघावं तर निम्मे नुसते लोंबकळत असतात. मार्केटमधला गॅप म्हणतात तो हाच. प्लॅन: चार कोपऱ्यांना चार कड्या असलेल्या लोखंडी पेट्या बांधकामांना भाड्याने द्यायच्या. क्रेनने विटा भरून वर, राडारोडा भरून खाली. साधं आहे. कुणाला कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य.

एक कंपनी बंद पडत होती, तिच्या आठ पेट्या घेतल्या. का बंद पडली ते विचारलं नाही. निगेटिव्ह माणसांशी बोलायचं नाही असं ठरवलंय.

दुपारी दोन
नोकरी सोडली. रसेल म्हणाला, बरं. एवढंच. हादरला असणार.

भांडवलासाठी कॅरॅव्हॅन, आमचं गाडीला जोडायचं फिरतं घर, विकली. बायकोला, ग्लेनिसला, जेवताना सांगणे.

संध्याकाळी सात
टीव्हीवर मॅच होती. सांगितलं नाही. कॅरॅव्हॅनच्या जागी दोन पेट्या उतरवून घेतल्यात, म्हणजे अंगण मोकळं मोकळं वाटणार नाही.

३ सप्टेंबर
ग्लेनिसच्या लक्षात आलं.

म्हणाली, सतरा फुटांचं घर विकलंस आणि तिथे दोन कचरापेट्या आणून ठेवल्यास, मी आंधळी आहे की तू? मी समजावलं की या कचरापेट्या नाहीत, लिफ्टिंग युनिट आहेत. त्यावर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी उघडलं.

तिचा मुद्दा त्रेचाळीसचा आहे. केल्प पॉइंटच्या कॅरॅव्हॅन पार्कात त्रेचाळीस नंबरची जागा बावीस वर्षं आमची. पाइनच्या झाडाखाली, समोर समुद्र. दर नाताळला तिथेच. नियम एकच: चोवीस डिसेंबरला दुपारी बाराच्या आत बिऱ्हाड जागेवर उभं हवं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. गेली अकरा वर्षं यादीतला पुढचा माणूस रसेल आहे. दर वर्षी येतो, आमची बीअर पितो आणि बोलता बोलता पावलांनी जागा मोजतो.

ग्लेनिसला शब्द दिला, नाताळच्या आत नवी कॅरॅव्हॅन. ती म्हणाली, डेस, तुझं बाकी सगळं आजवर चालवून घेतलं. त्रेचाळीस गेली तर बघ. काय बघायचं ते सांगितलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार
पेट्या रंगवल्या. लिंबू रंग. दुरून दिसतो, मन प्रसन्न राहतं. प्रत्येकीच्या अंगावर हातभर काळ्या अक्षरांत: तुम्ही टाका, आम्ही उचलतो! हे वाक्य मला दात घासताना सुचलं.

रसेल बघायला आला. म्हणाला, बांधकामवाले नाताळात तीन आठवडे टाळं लावून गायब होतात, माहीत आहे ना? बिचारा. कार्पेटवाला माणूस, त्याची नजर जमिनीवरच राहणार.

उद्यापासून पाचला उठणे. पोट कमी करणे.

९ सप्टेंबर. सकाळी साडेआठ
उठलो.

क्राउन स्ट्रीटमागे नऊ मजली इमारत होतेय, तिथे गेलो. गेटवर अडवलं. पायात लोखंडी टोपीचे बूट नाहीत म्हणे. मी कार्पेटच्या दुकानातले मऊ बूट घातले होते. फोरमन झ्वोंको गेटपाशी आला. उंच, क्रोएशियन, मिशा पांढऱ्या. म्हणाला, बाबा रे, माणसांच्या डोक्यावरून उचलायची वस्तू आहे. प्रत्येक पेटीला वजनाच्या चाचणीची पाटी ठोकलेली असते, ती कुठंय? मी म्हटलं, पेटी मजबूत आहे, मी स्वतः आत उड्या मारून बघितल्या. तो मिशीतल्या मिशीत हसला. पाट्या लावून ये, बूट घालून ये आणि लेखी कोटेशन पाठव, म्हणाला.

म्हणजे घेणारच. माणूस आवडला.

उद्या: झ्वोंकोला कोटेशन पाठवणे.

१९ सप्टेंबर
जाहिरात म्हणून एक पेटी घरासमोर रस्त्याकडेला ठेवली होती. सकाळी बघतो तर काठोकाठ भरलेली! एक डबल गादी, गंजका बार्बेक्यू, अर्धा सोफा, मुलांची घसरगुंडी. अख्ख्या गल्लीने घरं साफ करून घेतली. एकाने चिठ्ठीसुद्धा ठेवली होती: थँक्स मित्रा.

ग्लेनिस म्हणाली, एकाने तरी भाडं दिलं का? तिला बिझनेसची पहिली पायरीच कळत नाही. आधी मागणी, मग भाडं. आणि मागणी प्रचंड आहे.

माल ट्रेलरमध्ये घालून कचरा डेपोत तीन खेपा. डेपोने गादी घेतली नाही. परत आणली. चांगली आहे गादी तशी.

उद्या: झ्वोंकोला कोटेशन.

२१ ऑक्टोबर, सोमवार
पाट्या आल्या! बूट आले! झ्वोंकोने ट्रायलला एक पेटी मागवली. सव्वादहाला, चहाच्या सुट्टीनंतर, लिफ्ट.

मी समोरच्या फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसलो होतो. सॉसेज रोल हातात. क्रेनवाल्याने चार कड्यांत चार साखळ्या अडकवल्या, शिट्टी झाली आणि माझी पेटी जमिनीवरून सुटली. पहिला मजला, तिसरा, सहावा. निळ्या आभाळात लिंबू रंग. काय सांगू. शेजारून बाबागाडी ढकलत एक बाई चालली होती, तिला म्हटलं, ती माझी आहे. ती घाईने रस्ता ओलांडून गेली. सॉसेज रोल हातातच गार झाला. लग्नात रडलो नव्हतो, आज रडलो.

नवव्या मजल्यावर उतरली. मग वारा सुटला आणि क्रेन बंद केली.

२५ ऑक्टोबर
वारा. पेटी वरच.

५ नोव्हेंबर, मंगळवार. मेलबर्न कपचा दिवस
तीनला घोड्यांची शर्यत, अख्ख्या देशाची कामं ठप्प. झ्वोंकोने मला नवव्या मजल्यावर बोलावलं. पेटी तिथेच होती. वारा पडून आठवडा झाला, पण खाली पाठवायला कुणी तयार नाही, कारण त्यांनी ती बर्फाने भरून त्यात बीअरचे डबे पुरलेत. झ्वोंकोने माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगितलं, हा डेस, या थंडगार माउलीचा मालक! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक प्लास्टरवाला तर माझ्या गळ्यात पडला.

झ्वोंको म्हणाला, जानेवारीत दुसरी इमारत सुरू होतेय, आठच्या आठ पेट्या तुझ्याच लावू. फक्त ते कोटेशन पाठव रे, साहेबाला कागद लागतो.

घोडं हरलं. पर्वा नाही. घोडं गंगेत न्हालं माझं!

उद्या: कोटेशन. पहिलं काम.

६ नोव्हेंबर
डोकं दुखतंय.

११ डिसेंबर
कॅरॅव्हॅनची व्यवस्था अजून नाही. आमची जुनी विकत घेणाऱ्याने ती क्वीन्सलँडला नेली. ग्लेनिसने कॅलेंडरवर चोवीस तारखेभोवती लाल गोल काढलाय. मी फ्रिजकडे गेलो की तो गोल आधी दिसतो.

कोटेशन लिहायला घेतलं होतं. पेनातली शाई संपली.

१८ डिसेंबर. सकाळी ४.५०
सुचलं!!

सकाळी दहा
आठ वाजता पार्कच्या मॅनेजरला, नोरीनला, फोन केला. विचारलं, बिऱ्हाड म्हणजे नक्की काय? ती म्हणाली, वर छप्पर हवं, आत दोन माणसं आडवी झाली पाहिजेत, बाकी मला देणंघेणं नाही, बावीस वर्षांनी हे काय विचारतोस? मी हसून फोन ठेवला.

छप्पर: ताडपत्री. आत: रस्त्यावरची ती डबल गादी. मापं घेतली. पेटीत अशी बसते की जणू दोघी एकाच कारखान्यातून निघाल्या.

ग्लेनिसला सांगितलं. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, पडदे तरी लाव.

२० डिसेंबर, शुक्रवार
टाने नावाच्या पोराच्या ट्रकवर छोटी क्रेन आहे. तिने पेटी अलगद त्रेचाळीसवर ठेवली, पाइनखाली, समुद्राकडे तोंड करून. त्याचं हे वर्षातलं शेवटचं काम. इतका हसला की त्याला ट्रकच्या पायरीवर टेकावं लागलं. जाताना म्हणाला, काका, माझी क्रेन रिकामीच उचलते हां, भरलेलीला मोठी लागेल. मी म्हटलं, भरायची कुणी, आम्ही राहणार आहोत.

२४ डिसेंबर. दुपारी १२.०५
आयुष्यातला सर्वोत्तम दिवस!!

पावणेबाराला नोरीन यादी घेऊन आली. मागे रसेल, गाडीला नवीकोरी कॅरॅव्हॅन जोडून, इंजिन चालू ठेवून. नोरीनने ताडपत्री ओढून बघितली. मग चप्पल काढून आत चढली आणि गादीवर आडवी झाली. रसेल म्हणाला, नोरीन, ती कचरापेटी आहे! नोरीन आतूनच म्हणाली, तुझ्या कॅरॅव्हॅनपेक्षा गादी बरी असेल. आणि त्रेचाळीससमोर बरोबरची खूण केली. रसेलला एकशे एकोणीस मिळाली. संडासाशेजारी.

आणि ग्लेनिस हसली! सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. पोट धरधरून, पाइनला टेकून. मला म्हणाली, मूर्ख आहेस रे तू, आणि माझ्या टकलाचा मुका घेतला.

दुपारी तीन
आत भाकरी भाजता येईल इतकं तापलंय. ग्लेनिसने शेजारी तंबू लावला. किरकोळ बाब.

२५ डिसेंबर
कोळंबी, हॅम, पावलोव्हा केक. पोटभर. मग दोघं समुद्रावर. तिचा हात धरून चाललो. बावीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी परत आलो. आत उकडतं म्हणून ताडपत्री मीच काढून ठेवली होती. पेटी अर्धी भरली होती. कोळंबीची डोकी, कालवांची कवचं, कलिंगडाच्या साली, भेटींचे कागद. पार्कात दोनशे बिऱ्हाडं. सगळ्यांना वाटलं मॅनेजमेंटने नाताळसाठी सोय केली. मी ओरडत सुटलो की हे घर आहे. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे पेटीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून म्हणाले, तुम्ही टाका, आम्ही उचलतो, लिहिलंय की.

वाक्यात ताकद आहे, हे मान्य करावं लागेल.

२६ डिसेंबर. अडतीस डिग्री
सकाळी काठोकाठ. वर एक मोडका बार्बेक्यू.

टानेला फोन. उचलत नाही. रेकॉर्ड: आम्ही तेरा जानेवारीला भेटू. मोठ्या क्रेनच्या अकरा कंपन्यांना फोन. तेरा जानेवारी. तेरा जानेवारी. एकाने रेकॉर्डच्या मागे घंटाही वाजवली आहे. झ्वोंको क्रोएशियात.

तीन आठवडे टाळं लावून बसणाऱ्या लोकांच्या देशाची प्रगती कशी होणार?

२७ डिसेंबर
वास. बेचाळीसवाले गेले. चव्वेचाळीसवाले गेले. सीगल पक्षी आले.

फावड्याने उपसून पार्कच्या चाकवाल्या कचराडब्यांत भरतोय. डबे आठवड्यातून एकदाच नेतात. दुपारी रसेल आला, हातात स्वतःचं फावडं. एक शब्द बोलला नाही. दोन तास उपसलं त्याने. मला आवडलं नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नोरीन आली. चप्पल न काढता लांबच उभी राहिली. म्हणाली, सतरा तक्रारी आल्यात, डेस. माझ्या हातात काही राहिलं नाही. त्रेचाळीस यादीतल्या पुढच्याला. मी म्हटलं, पेटी तेरापर्यंत हलत नाही. ती म्हणाली, मग तेरापर्यंत तुमची.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अजून आमचीच.

२८ डिसेंबर
ग्लेनिसला हे तांत्रिकदृष्ट्याचं सांगितलं. ती समुद्राकडे बघत होती. मी दोनदा सांगितलं.

१३ जानेवारी, सोमवार
सकाळी झ्वोंकोचा फोन. नव्या इमारतीला दुसऱ्या कंपनीच्या पेट्या लागल्या. म्हणाला, बाबा रे, साहेब शेवटपर्यंत कागदाची वाट बघत होता. किती वेळा सांगितलं तुला.

दहाला मोठी क्रेन आली. ड्रायव्हरने आत वाकून बघितलं. उपसून उपसून पेटी रिकामीच झाली होती. म्हणाला, यासाठी मला कशाला बोलावलंत, छोटीने उचलली असती. पण पेटी छान आहे, रंग आवडला. त्याला थँक्स म्हटलं.

पेटी वर गेली. खाली गवतावर पिवळा चौकोन उरला. त्यात तंबूची एक खुंटी पडली होती. मी दोन हजार चारमध्ये हरवलेली. ग्लेनिसने ती उचलली, झटकली, पर्समध्ये टाकली.

रसेल कॅरॅव्हॅन मागे घेत आला. त्याला रिव्हर्स येत नाही. मी हातवारे करायला पुढे झालो, पण ग्लेनिस आधीच तिथे उभी होती. डावीकडे, अजून डावीकडे, सांगत होती. तिथे पाइनचं मूळ वर आलेलं आहे, गवतात दिसत नाही. बावीस वर्षं ते फक्त तिच्याच लक्षात राहिलंय. चाक मुळाला न लागता कॅरॅव्हॅन बरोबर बसली. छान बसली, म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

उद्या साडेसातला कार्पेटचं दुकान. मऊ बूट शोधणे.